शून्य की दहा

"काका, भिंत फुगलीय," संचालिकाबाई फोनवर म्हणाल्या तेव्हा त्याची एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर साबण होता. भिंत फुगलीय म्हणजे काय, हे त्याला आधी कळेचना. पोट फुगतं, गाल फुगतात, ओल लागली की दाराच्या फळ्या फुगतात. शंभराहून जास्त वर्षं एका जागी गप उभी असलेली चुन्याची भिंत काय म्हणून फुगेल? "कुठली भिंत?" त्यानं विचारलं. "अष्टकोनीतली हो, उत्तरेची. काचेचं कपाट बसतच नाहीये. तुमच्या नकाशात दोन अर्धखांबांच्या मधे दोन मीटर चौऱ्याऐंशी आहे आणि जागेवर भरतंय दोन चौऱ्याहत्तर. दहा सेंटिमीटर गेले कुठे मग?" दहा हा आकडा ऐकल्याबरोबर त्याचा फोन धरलेला हात खाली आला. तो पुन्हा वर नेत तो म्हणाला, "नकाशा चुकला असेल." म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. त्यावर बाई इतक्या मनापासून हसल्या की त्याला फोन ठेवून द्यावासा वाटला. "तुमचा नकाशा? काहीतरीच काय! गवंडी उद्या दहा वाजता छिन्नी लावतोय. तेवढं आज एकदा येऊन बघून जा, म्हणजे आम्ही मोकळे." साबण वाळून गाल ताणला गेला होता. तो तसाच वस्तरा हातात धरून आरशासमोर उभा राहिला. आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं, "कोणाचा फोन?" तो म्हणाला, "कोणाचा नाही."

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही हवेली त्याच्या मानगुटीवरून उतरायला तयार नव्हती. कुठल्याशा जहाजांच्या दलालानं बांधलेली, त्याच्या नातवंडांनी नीट न सांभाळलेली आणि शेवटी सरकारच्या गळ्यात पडलेली ती इमारत. तिचं संग्रहालय करायचं ठरलं तेव्हा एकही नकाशा सापडेना, म्हणून कार्यालयानं त्याला मोजणीला पाठवलं. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून त्याला सगळे नकाशेकाका म्हणत. तेव्हा तो काका म्हणण्याच्या वयाचाही नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यानं काढलेला तळमजल्याचा नकाशा आता दारातच सोनेरी चौकटीत लावलेला होता. तिकिटामागे तोच, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तोच, चहाच्या कपांवरसुद्धा तोच. माणसं कपातला चहा संपवता संपवता अष्टकोनीपर्यंत पोहोचत. घरी असा एक कप होता, भेट म्हणून मिळालेला. बायको त्यात जुनी पेनं ठेवायची.

बसमधून उतरून फाटकाकडे चालताना त्याला आपल्या पायांचाच राग येत होता, कारण ते भराभर पडत होते. जणू काही बघायचं उरलं होतं! काय झालंय ते त्याला फोनवरच कळलं होतं. खरं तर एकतीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. दारातल्या रखवालदारानं उठून नमस्कार केला आणि नेहमीप्रमाणे चौकटीतल्या नकाशाकडे बोट दाखवून समोरच्या चार पाहुण्यांना सांगितलं, "हा यांनीच काढलाय बरं का." चौघांनी माना वर केल्या. तोही त्यांच्यामागे उभा राहिला. नाइलाजानं त्यानं उजव्या कोपऱ्यातली अक्षरं पाहिली. 'मोजणी व रेखाटन', आणि खाली त्याचं नाव. अक्षरं देखणी होती. एकसारख्या उंचीची, वेलांट्या जिथल्या तिथे, शाई कुठेही फुटलेली नाही. त्याला असं अक्षर जन्मात काढता आलं नसतं. ती बायकोची होती. नकाशावरचा प्रत्येक शब्द आणि प्रत्येक आकडा तिच्या हातचा होता, आणि हे या इमारतीत एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. तो पुढे सरकला.

अष्टकोनी ही हवेलीतली सगळ्यांत देखणी खोली. वर उथळ घुमट, आठ भिंती, प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांना पन्हळी पाडलेला एकेक अर्धखांब, म्हणजे भिंतीतून जेमतेम बाहेर आलेला, अर्धा भिंतीत आणि अर्धा खोलीत. दलालाला आपली माणसं कुजबुजतात काय ते ऐकायचं असे, म्हणून त्यानं मुद्दाम अशी खोली बांधून घेतली, अशी गोष्ट माहिती सांगणारे सांगत. खरं खोटं तो दलाल जाणे. पण इथे हळू बोललेलंही कुठल्याही कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येई, यात शंका नव्हती. लोक भिंतीकडे तोंड करून काहीबाही पुटपुटत आणि समोरच्या कोपऱ्यातला माणूस हसत सुटे. आज दोरी बांधून खोली बंद केली होती. मधोमध लाकडाच्या चौकटीत कपाटाची मोठी काच उभी होती. ठेकेदार तिच्याभोवती घरात नवरदेव आल्यासारखा फिरत होता. खाली गवंडी बसला होता. उत्तरेच्या भिंतीवर दोन्ही अर्धखांबांना, आतल्या बाजूनं, पेन्सिलीची एकेक उभी रेघ मारलेली होती. कडेपासून पाच सेंटिमीटर आत. ती रेघ पन्हळीतून सरळ गेली होती; तिथपर्यंतचा चुना उडवायचा होता.

"या, या, नकाशेकाका," ठेकेदार म्हणाला. "तुमच्या नकाशानंच वाचवलं बघा आम्हाला. काच कडक केलेली, आता कापता येत नाही, कापायला गेलं की चुरा. चार महिने लागले बनवायला. म्हटलं आता काय करायचं? तर बाईंनी तो अहवाल काढला."

अहवाल त्याला ठाऊक होता. आठ वर्षांपूर्वी बाहेरून एक तज्ज्ञ आला होता. दोन दिवस राहिला. पहिल्या दिवशी त्यानं नकाशा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जेवला. मग त्यानं चाळीस पानं लिहिली. त्यातली सहा पानं फक्त या उत्तरेच्या भिंतीवर होती. बाकीच्या सात भिंतींचे अर्धखांब पस्तीस सेंटिमीटर रुंद, आणि उत्तरेचे दोनच तेवढे तीस, असं का? तर मालक त्या भिंतीपाशी बसे, त्याच्यामागची भिंत ऐसपैस दिसावी म्हणून वास्तुकारानं दृष्टीला फसवणारी ही सूक्ष्म योजना केली. सूक्ष्म योजना! हे वाचलं तेव्हा तो घरी पलंगावर पालथा पडून हसला होता, आणि हसता हसता गप्प झाला होता. आता जागेवर तेही पस्तीसच भरतात हे ध्यानात आल्यावर त्याच तज्ज्ञानं कळवलं होतं की नंतरच्या कोणीतरी अडाणीपणानं वर चुन्याचा थर चढवला असणार, तो काढून मूळचं सौंदर्य मोकळं करावं.

"थर नाहीये," गवंडी खालूनच म्हणाला. "मी ठोकून बघितलं. आतबाहेर सगळा एकच चुना, एकाच हाताचा. पन्हळ पण एकाच ओढीत काढलेली."

"तुला विचारलंय का?" ठेकेदार म्हणाला. "कागदावर तीस आहे."

"कागद चुकलाय," तो म्हणाला. सकाळच्या फोननंतर दुसऱ्यांदा. या वेळी विचार करून. ठेकेदारानं त्याच्याकडे फार प्रेमानं पाहिलं. वय झालेल्या माणसाकडे पाहतात तसं. "काका, तुम्ही विनय फार करता," असं म्हणून त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात झटकून टाकावा असं त्याला वाटलं. माणूस खरं बोलतो तेव्हा कोणी ऐकत नाही ही एक पीडा. पण खोटं बोलला होता तेव्हा इतक्या आदरानं ऐकलं होतं, ही त्याहून मोठी.

एकतीस वर्षांपूर्वी मोजणीला टेप कापडी होता, तीस मीटरचा. टोकाची कडी सैल झालेली. नवा टेप मागितला तर कार्यालयानं अर्ज करा म्हणून सांगितलं, आणि अर्ज कुठे गेला देव जाणे. मग त्यानं आणि बायकोनं, दोघांनी मिळून, आपली पद्धत बसवली. जिथे खिळा किंवा कड मिळेल तिथे कडी अडकवायची, म्हणजे मोजणी शून्यापासून. जिथे नुसत्या चुन्यावर हातानं धरावं लागेल तिथे कडीचा भरवसा नाही, म्हणून टेप दहाच्या खुणेवर धरायचा आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. कडीचं टोक तिच्याकडे, वाचणं आणि वहीत टिपणं त्याच्याकडे. दर वेळी ती तिकडून ओरडायची, "शून्य!" किंवा "दहा!" तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोघं एकाच कार्यालयात, एकाच पगारावर, शेजारशेजारच्या टेबलांवर बसणारे. लग्नाआधी ती त्याला अरेतुरे करी. लग्नानंतर त्याच्या आईनं फर्मान काढलं, म्हणून चारचौघांत अहो आणि दार लावलं की अरे, असा तोडगा निघाला. आणि त्यातूनच पुढे एक सोय झाली. दार लावलेलं असतानाही तिनं अहो म्हटलं, की समजायचं, बाई भडकल्यात.

अष्टकोनीच्या दिवशी ती सकाळपासून अहो म्हणत होती. आदल्या संध्याकाळी तिनं सहज विचारलं होतं, "नकाशावर माझंही नाव येईल ना रे?" आणि तो म्हणाला होता, "चौकटीत जागा एकाच नावाची असते." साहेबांना विचारलंसुद्धा नव्हतं त्यानं. विचारावं असं डोक्यातही आलं नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याला या गोष्टीचीच जास्त लाज वाटली. तिनं वाद घातला नाही. "बरं, अहो," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी अष्टकोनीत सात भिंती होईपर्यंत ती शून्य आणि दहा सांगत राहिली, कोरड्या आवाजात, दुकानात भाव सांगतात तशी. आठव्या भिंतीला, उत्तरेच्या, ती काहीच बोलली नाही. टेप ताणला गेला. त्यानं वाचलं, दोन चौऱ्याऐंशी. तो थांबला. समोर तीन पावलांवर ती भिंतीकडे तोंड करून टेप धरून उभी होती. त्या खोलीत तिनं नुसता ओठ हलवला असता तरी ऐकू आलं असतं, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायची सोयही नव्हती. ती बोलली नव्हती. त्यानं विचारायचं होतं. पण आपण का विचारायचं, सांगायचं काम तिचं, असा काहीतरी ताठा त्याच्या मानेत आला, आणि त्यानं वहीत टिपलं, दोन चौऱ्याऐंशी. टेप गुंडाळला गेला.

चूक लपत नाही, निदान अष्टकोनात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कागदावर आठ भिंती मांडायला घेतल्या तर शेवटचा कोपरा मिळेना. बरोबर दहा सेंटिमीटरनं तोंड उघडं राहिलं. त्याला तत्क्षणी कळलं. शेजारच्या टेबलावर ती बसली होती, हात लांब केला असता तर तिच्या कोपराला लागला असता. "शून्य होतं की दहा?" चार शब्द. किंवा उठून दोन मैलांवरच्या हवेलीत जाऊन पुन्हा मोजायचं. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्यानं रबर घेतलं, उत्तरेचे दोन्ही अर्धखांब पाच-पाच सेंटिमीटरनं बारीक केले, आणि अष्टकोन मिटला. मग तो कागद त्यानं अक्षरं काढायला तिच्या टेबलावर सरकवला. त्या दिवशी रबरानं केलेलं काम उद्या छिन्नी करणार होती.

संचालिकाबाईंच्या खोलीत त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. वाईट बाई नव्हत्या, फक्त त्यांना सगळं लवकर आटपायचं होतं. "काका, समजा चूक आहे. मग ती एकतीस वर्षांत कोणाला दिसली नाही?" "नाही." "आणि तज्ज्ञांनाही?" "तज्ज्ञ जेवत होते," तो म्हणाला. बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मला नुसतं तोंडी चालणार नाही. लेखी द्या. चूक कशी झाली, कोणाकडून झाली. उद्या दहाच्या आत. आणि जागेवर मोजून दाखवा, म्हणजे मला समितीला सांगता येईल. नाहीतर माझा नाइलाज आहे." तो उठला. दाराशी बाई म्हणाल्या, "तुम्ही उगाच स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेताय, एवढंच मला वाटतं." त्याला त्यांना सांगावंसं वाटलं की नाव त्याचं आहे पण अक्षर त्याचं नाही. पण हे समजावून सांगायला आणखी एक अर्ज लागला असता.

घरी जेवणाच्या टेबलावर तो कागद घेऊन बसला. ऊन अजून उतरलं नव्हतं. पेन चालेना म्हणून त्यानं कपातलं दुसरं काढलं, तेही चालेना, तिसरं चाललं. त्यानं लिहिलं, 'सदर मोजणीच्या वेळी टेपची कडी सैल असल्याने काही मापे दहाच्या खुणेपासून घेतली जात. उत्तर भिंतीच्या वेळी टेपचे दुसरे टोक धरणारी माझी पत्नी हिने तसे न सांगितल्याने माप दहा सेंटिमीटर जास्त नोंदले गेले.' वाचून पाहिलं. शब्द न् शब्द खरा होता. सरकारी कागदाला शोभेल असा आटोपशीर. त्याला बरंसुद्धा वाटलं, निदान मिनिटभर. मागे बायको केव्हा येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि शांतपणे वाचलं.

"वा," ती म्हणाली. "बरं झालं. एकदाचं मला संग्रहालयाच्या कागदावर आणलंत."

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"एकतीस वर्षं वाट बघितली, आणि आले ती चूक म्हणून. अहो, नाव तरी घालायचं. नुसतं 'पत्नी' काय?"

"तू सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला. आवाज चढला तो त्याला स्वतःलाच ऐकू आला. "सात भिंती सांगितलंस आणि आठव्या भिंतीला तोंड शिवलंस!"

"नाही सांगितलं." ती समोरची खुर्ची ओढून बसली. "दहावर धरला होता आणि नाही सांगितलं. मला बघायचं होतं तुम्ही विचारता का. नाही विचारलंत. म्हटलं ठीक आहे, कागदावर कळेल, तेव्हा विचारतील. दुसऱ्या दिवशी कळलं तुम्हाला. मी बघत होते. तुमचा कान लाल झाला होता. रबर घेतलंत. मग कागद माझ्याकडे आला आणि दोन चौऱ्याऐंशी मी माझ्या हातानं लिहिलं, चौऱ्याहत्तर आहे हे माहीत असून. त्याच्या खाली तुमचं नाव लिहिलं. फार छान लिहिलं."

त्याच्या लक्षात आलं की इतकी वर्षं हे तिला ठाऊक होतं, आणि दर वेळी कोणी घरी येऊन त्या कपाचं कौतुक केलं की ही बाई नुसती हसून चहाला उठत होती. त्याला भयंकर राग आला. तिचा आला, आपला आला, त्या सैल कडीचा आला, नवा टेप न देणाऱ्या कार्यालयाचाही आला, आणि कोणाचा किती हे वेगळं करता येईना. "मग सांगायचं ना!" तो ओरडला. "इतकी वर्षं! सांगायचं!"

"विचारायचं ना," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

त्यानं कागद फाडला. दुसरा घेतला. 'मोजणी दोघांनी केली,' असं पहिलं वाक्य त्यानं लिहिलं. मग दोघांची पूर्ण नावं लिहिली. 'माप शून्यापासून आहे की दहापासून, हे विचारून घेणे माझे काम होते. मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी चूक माझ्या ध्यानात आली, तेव्हाही विचारले नाही, आणि ती झाकण्यासाठी अर्धखांब कागदावर बारीक केले. नकाशावरील सर्व अक्षरे तिची आहेत.' शेवटचं वाक्य विषयाला धरून नव्हतं. त्यानं ते राहू दिलं. सकाळी बूट घालताना त्याला दिसलं की ती आधीच चपला घालून दाराशी उभी आहे आणि तिच्या हातात जुना कापडी टेप आहे, कडीला गुंडाळलेल्या दोऱ्यासकट. तो कुठल्या खणात होता ते त्याला माहीतही नव्हतं. "टेप एकट्याला धरता येतो का?" असं दाराला उद्देशून म्हणून ती जिना उतरायला लागली. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि सगळा वेळ बाहेर बघत राहिली.

अष्टकोनीत सगळे जमले होते. बाई, ठेकेदार, गवंडी, दारातला रखवालदारसुद्धा. बाईंनी पत्र वाचलं. वाचताना त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. मग त्यांनी प्रथमच बायकोकडे नीट पाहिलं आणि काय म्हणावं ते न सुचून, "या ना," असं म्हणाल्या. ठेकेदारानं घड्याळ पाहिलं. "मोजा तर खरं, काका. छिन्नी काय पळून जातेय?"

ती उत्तरेच्या भिंतीपाशी गेली. डाव्या अर्धखांबावर हात फिरवला. पेन्सिलीची रेघ बोटानं पुसायचा प्रयत्न केला, ती पुसली गेली नाही. भिंतीकडे तोंड करून तिनं टेप धरला. कुठे धरला ते तिच्या खांद्याआड होतं. तो उजव्या अर्धखांबाशी गेला, टेप ताणला, चष्मा सावरून वाचलं.

"दोन चौऱ्याऐंशी."

"बघा!" ठेकेदारानं मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होतो? नकाशा बरोबर! आलं की नाही काकांच्याच तोंडून दोन चौऱ्याऐंशी?" बाई पत्राकडे बघू लागल्या. गवंडी उठून उभा राहिला. घुमटाखाली ठेकेदाराचं हसू फिरून परत आलं. तिच्याकडून काहीच आलं नाही. ती तशीच उभी होती, पाठमोरी, तीन पावलांवर. केस पांढरे झाले होते, एवढाच फरक. तिनं मुद्दाम केलं, त्याच्या डोक्यात तिडीक गेली, चार लोकांत मुद्दाम, पुन्हा! नुसतं एक अक्षर टाकायचं तिकडून! आणि त्याच्या मानेत तोच ताठा चढू लागला, ओळखीचा, अगदी त्याच मणक्यात. आकडा त्याला माहीत होता. विचारायची तशी गरजही नव्हती. सरळ दहा वजा करून सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं.

"काय गं," तो म्हणाला. "शून्य की दहा?"

ठेकेदाराचा हात मांडीवरच राहिला. तिनं लगेच उत्तर दिलं नाही. चांगला वेळ घेतला.

"दहा," ती भिंतीलाच म्हणाली, अगदी हळू, आणि ते त्याच्या कानाशी आल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं. मग आणखी हळू, "लिही आता. दोन चौऱ्याहत्तर."

त्यानं खिशातून वही काढली. गवंड्यानं छिन्नी पिशवीत टाकली आणि पेन्सिलीच्या रेघा पुसायला ओला फडका आणायला गेला.